बाई, रोबो आणि निऱ्या

आमच्या महिला अध्यापक विद्यालयात रोबोटिक्सचं किट आलं, तेव्हा बाईंनी आधी ते डेडस्टॉक रजिस्टरला चढवलं, मग त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मग कपाटाला कुलूप घातलं. बाई कोण, हे या क्रमावरूनच कळावं. किल्ली कमरेला. "एक वायर तुटली तरी भरपाई माझ्या पगारातून!" अशी भरपाई कुणाच्या पगारातून गेल्याचं मात्र ऐकिवात नव्हतं.

रोबोटिक्स त्यांनी शिकवलं, नाही असं नाही. त्या सांगायच्या, आम्ही लिहून घ्यायचो.

"लिहा गं. मुलांनी हाताने करून शिकावं, स्वल्पविराम, नुसतं ऐकून नव्हे, पूर्णविराम. हे दहा गुणांना येतं."

सगळ्या छात्राध्यापिकांच्या माना खाली. १९६७ साली अमेरिकेत मुलांसाठी लोगो नावाची संगणकभाषा तयार झाली. करणाऱ्यांत सेमूर पॅपर्ट आणि सिंथिया सोलोमन. "सिंथिया ही बाई होती. दोनदा अधोरेखित करा." पुढे या भाषेतल्या आज्ञांवर जमिनीवरून चालणारं यांत्रिक कासव आलं. पुढे ५०, उजवीकडे ९०, असं चार वेळा, की झाला चौकोन. आम्ही कासवाचं चित्र काढलं, पाठीवर हिरवी नक्षीसुद्धा. ते कासव म्हणजे चाकांवरचा घुमट होता, हे मला नोकरी लागल्यावर कळलं.

मग तपासणी जाहीर झाली आणि किट बाहेर काढणं आलं. वर्गातल्या एकीच्या वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. तिने तासाभरात गाडी जोडली: दोन चाकं, आर्डुइनोचा बोर्ड, पुढे बटबटीत डोळ्यांसारखा सेन्सर. बाईंनी सवयीने पाठनिरीक्षणाची वही उघडली.

"प्रवेश आत्मविश्वासपूर्ण. आवाज खरखरीत. वर्गाकडे पाठ."

भिंत आली, रोबो थांबला. बाक आलं, थांबला. "गुणी आहे," म्हणत बाई स्वतः समोर उभ्या राहिल्या. रोबो सरळ त्यांच्या निऱ्यांत घुसला.

"अरे! भिंतीला मान देतोस नि मला नाही?"

आम्ही पदर तोंडात कोंबले. रिवाइंडिंगवाली घाबरत म्हणाली, "बाई, ते डोळे नाहीत. एक तोंड आहे, एक कान. तोंडातून सेकंदाला ४०,००० कंपनांचा आवाज जातो, आपल्याला ऐकू येत नाही. तो आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर कळतं. भिंतीवरून परत येतो. निऱ्या शोषून घेतात, नाहीतर भलतीकडे पाठवतात."

बाई स्वतःच्या निऱ्यांकडे बघत राहिल्या. पंचवीस वर्षं नेसून कधी बघितल्या नसतील अशा. शेरा लिहायचा राहिला.

दुसऱ्या दिवशी पिशवीतून तीन साड्या निघाल्या: खळ दिलेली सुती, नायलॉनची आणि लग्नातली इरकल. शिवाय पुठ्ठा आणि सतरंजीची गुंडाळी. बाईंनी वहीतला ‘वर्गनियंत्रण’ हा रकाना खोडून तिथे ‘थांबला की नाही’ असं लिहिलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली, शिपाई दोनदा डोकावून गेला. बाई पदर खोचून फरशीवर बसलेल्या, हातात फूटपट्टी. तपासणीवाले साहेब दारात उभे राहिले, तेव्हा बाईंनी मान वर न करताच हात पुढे केला.

"कोण आहे गं? स्वेटर घातलायस ना, काढ जरा."