जिम पाहणाऱ्या काकू

जिम पाहणाऱ्या काकू हा शहरी महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय स्त्रियांचा एक ठळक प्रकार आहे. जिमला जाणाऱ्या काकू वेगळ्या, जिमला नावे ठेवणाऱ्या काकू वेगळ्या. या दोघींच्या मधोमध, जिमच्या उंबरठ्यावर, हा तिसरा प्रकार उभा असलेला दिसतो. वय पंचेचाळीस ते साठ. आढळ ठाणे, डोंबिवली, कोथरूड, नाशिकचा कॉलेज रोड आणि जिथे जिथे औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर जिम निघाली आहे तिथे. हंगाम वर्षातून तीनदा येतो : डॉक्टरांनी हाडांचा रिपोर्ट हातात ठेवल्यावर, घरात लग्न ठरल्यावर आणि जानेवारीत. त्यांच्यापुढचा प्रश्न एकच असतो, बायकांची जिम लावावी की सगळ्यांची? भेटेल त्याला त्या तो विचारतात, उत्तर मन लावून ऐकतात आणि पुढच्या भेटीत नव्याने विचारतात.

‘पाहणे’ हे क्रियापद इथे मुलगी पाहणे या अर्थी घ्यायचे. चौकशी होते, फी विचारली जाते, खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते पाहिले जाते, सरबत आल्यास घेतले जाते आणि शेवटी ‘कळवते’ असे सांगून पाहणी संपते. कळवणे होत नाही. जिमवाल्यांचे फोन मात्र वर्षभर येत राहतात आणि ते ओळखता यावेत म्हणून काकूंच्या मोबाइलमध्ये ‘जिम १ गुलाबी’, ‘जिम ४ लिफ्ट नाही’, ‘जिम ७ मुलगा बरा’ अशी नोंद असते. प्रस्तुत वर्णनाला निमित्त झालेल्या नौपाड्यातील काकूंची यादी ‘जिम १९ वास’ इथवर आली आहे.

या प्रकाराची स्वतःची अशी एक निरीक्षणपद्धती आहे. तिचा गाभा म्हणजे चपलांचा स्टँड. बाहेरची पादत्राणे जिममध्ये चालत नाहीत. ती दाराशी काढून आतले वेगळे बूट घालायचे असतात. त्यामुळे स्टँडवर आतल्या माणसांची हजेरी आपोआप लागते. रजिस्टरात खोटी सही करता येते, चपलेला ती सोय नाही, असे काकूंचे मत आहे. म्हणून त्या काउंटरकडे जाण्याआधी स्टँडसमोर थांबतात, चष्मा वर करतात आणि मोजतात. निकाल गुणोत्तरात सांगायचा, पुरुष आधी, बायका नंतर : ‘बावीसास तीन’, ‘शून्यास अकरा’, ‘नवास नऊ, पण त्यातल्या चार लग्नाळू’. मोजणी स्वतःच्या सँडल काढण्याआधी होत असल्याने त्यांचा जोड हिशेबात धरलेला नसतो.

स्टँडवरून त्यांना काय काय कळते याला मर्यादा नाही. टाचेच्या सँडल म्हणजे नोकरीवाल्या, त्या सातनंतर येणार. रबरी सपाता म्हणजे त्याच इमारतीतल्या. त्या व्यायाम कमी करतात आणि बातम्या वर नेतात. पॉलिश केलेल्या काळ्या बुटांत घडी घालून खोचलेले मोजे म्हणजे निवृत्तीला आलेला बँकवाला, रोज येणारा, शिस्तीचा, पण सायकलवरचा घाम न पुसणारा. हा शेवटचा निष्कर्ष कसा निघाला ते त्यांनी कधी सांगितलेले नाही. एका जिमच्या मालकाने आपल्याकडे साठ लेडीज मेंबर असल्याचे सांगितले, तेव्हा काकूंनी वाकून स्टँडचे तिन्ही कप्पे पाहिले आणि विचारले, “आज सगळ्या अनवाणी आल्यात का?”

दुसऱ्या एका ठिकाणी, दारावर ‘फक्त महिलांसाठी’ अशी ठळक पाटी असताना, स्टँडच्या खालच्या कप्प्यात दहा नंबरचे पुरुषी बूट निघाले. काकू आत गेल्याच नाहीत. पंधरा मिनिटांनी जिना उतरलेला माणूस एसी दुरुस्तीवाला ठरला, हातात अवजारे होती, प्रकरण मिटले. पुढच्या आठवड्यात तेच बूट त्याच कप्प्यात. या वेळी ते मालकिणीच्या भावाचे निघाले. एसीही तोच पाहत असे आणि हिशेबही. काकूंनी वहीत ‘बायकांची’ हा शब्द खोडून ‘बहुतेक बायकांची’ असे लिहिले.

ही सवय जिमपुरती राहत नाही. सत्यनारायणाला गेल्यावर त्या बेल वाजवण्याआधी दाराबाहेर वाचन करतात आणि धाकट्या नणंदेच्या सँडल दिसल्या तर तीर्थप्रसाद घरी मागवतात.

जिमचे मुख्य प्रकार दोन. पहिला बायकांच्या जिमचा. त्याची बाजू मुंबई-ठाण्याच्या स्त्रीला समजावून द्यावी लागत नाही, कारण तिचे निम्मे आयुष्य लेडीज डब्यात गेलेले असते. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली लेडीज स्पेशल सोडली. तीही गच्च भरून धावली, पण तिच्यात आपले कोपर आणि दुसऱ्याचे कोपर यांचा हिशेब ठेवत उभे राहावे लागले नाही. बायकांच्या जिममध्ये मिळते ते हेच. ओढणी कुठे आहे, टी-शर्ट वर सरकला का, वाकावे की न वाकावे, याचा विचार डोक्यातून तासभर उतरतो. बघणाऱ्या इथेही असतात. फक्त बघून झाल्यावर त्या ‘थोडी सुटलीस गं’ असे तोंडावर सांगूनही टाकतात.

उणिवा साहित्याच्या आहेत. डंबेल्स गुलाबी असतात आणि बहुधा पाच किलोंशी संपतात. कमरेला पट्टा लावून थरथरवणारे यंत्र असते, त्यातून चरबी पळते असा समज असतो, प्रत्यक्षात पळतो तो वेळ. लोखंडी दांडा आणि वजनाच्या चकत्या एक तर नसतात किंवा कोपऱ्यात असतात आणि त्यांवर नॅपकिन वाळत घातलेले असतात. भिंतीवर सफरचंद खाताना खळखळून हसणारी परदेशी तरुणी असते. टोकियोत ४९ किलो गटात एकूण २०२ किलो उचलून रौप्यपदक घेणारी मीराबाई चानू काकूंनी पाहिलेल्या एकोणीसपैकी एकाही भिंतीवर नव्हती. शिवाय अशा जिम लवकर बंद होतात : रोज रात्री आठला आणि काही दोन वर्षांत कायमच्या.

दुसरा प्रकार सगळ्यांच्या जिमचा. पहाटे साडेपाचला उघडते, रात्री अकरापर्यंत चालते, साहित्य भरपूर. तरीही आत गेल्यावर एक अदृश्य फाळणी आढळते. आरशासमोरचा वजनांचा कोपरा पुरुषांचा, ट्रेडमिलची रांग बायकांची. असा फलक कुठेही नसतो, पण नव्या बाईला न विचारता रांगेकडे वळवले जाते. ट्रेडमिलचे पूर्वज म्हणजे विल्यम क्युबिट या इंग्रज अभियंत्याने १८१८ च्या सुमारास तुरुंगातील कैद्यांना कामाला लावण्यासाठी केलेले पायचक्र, ही माहिती इथे अप्रस्तुत समजावी. बाई चुकून वजनांकडे गेलीच तर दोन मिनिटांत एक अनाहूत सल्लागार प्रकट होतो. त्याची स्वतःची पाठ वाकलेली असते आणि तो “मॅडम, पाठ सरळ” असे सांगतो.

या दोहोंच्या संकरातून तिसरा प्रकार निघाला आहे : एकाच जिममधली ‘लेडीज बॅच’, वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार. म्हणजे पुरुषांना जी वेळ नको ती. कुकर, शाळेची बस, दूधवाल्याचा हिशेब आणि सासूबाईंची गोळी हे सर्व याच वेळात येते याचा वेळापत्रक करणाऱ्याला पत्ता नसतो. दुपारी एसी बंद असतो. चारला पाच कमी असताना स्टँडवर दोन्ही फौजा आमनेसामने येतात, आणि काकूंच्या मते स्टँड वाचण्याची ही सर्वांत मोलाची वेळ आहे, कारण पुढे कोण कोणाच्या चपलेवर बूट ठेवतो यावरून जिमचे संस्कार कळतात.

घरच्यांची मते ठरलेली असतात. मुलगी म्हणते, सगळ्यांच्याच जिममध्ये जा, कशाला घाबरतेस. काका म्हणतात, त्यापेक्षा घरीच सूर्यनमस्कार घाल. स्वतः घालत नाहीत. वहिनी म्हणते, चालायला ये माझ्याबरोबर, आणि भेळेच्या गाडीपर्यंत चालते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. जिम पाहण्यासाठी काकू इतक्या चालतात, इतके जिने चढतात, की हा आकडा त्यांनी पुष्कळदा न कळत गाठला आहे. मात्र त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायामही सांगितला आहे, आणि रजोनिवृत्तीनंतर हाडे झपाट्याने विरळ होत असल्याने काकूंच्या वयाला तोच अधिक लागतो. तेव्हा जिम बायकांची की सगळ्यांची यापेक्षा आत उचलण्याजोगे वजन आहे का आणि ते उचलायला शिकवणारे कोणी आहे का, हा प्रश्न खरा. तो काकू शेवटी विचारतात, वेळ उरल्यास.

चपला वाचण्याच्या सवयीचा उगम जुना आहे. नौपाड्यातील काकूंचे माहेर कोल्हापूरचे. थोरला भाऊ तालमीत होता. ताक, हळद आणि तेल घालून मळलेल्या लाल मातीचा हौदा आत. बाईमाणसाने उंबरठा ओलांडायचा नाही असा तिथला रिवाज. मल्लखांबातही पुरलेला खांब मुलांचा आणि दोरीचा मल्लखांब मुलींचा अशी वाटणी दीर्घकाळ चालत आली. तालमीत दोरीचीही सोय नव्हती. दहा-अकरा वर्षांच्या काकू रोज सकाळी दुधाची चरवी घेऊन दाराशी जात आणि बाहेर उभ्या राहत. आतून शड्डू ऐकू येत, वस्तादाची शिवी ऐकू येई, दिसत मात्र काहीच नसे. दिसत त्या फक्त चपला, चाळीस-पन्नास जोड, आणि त्याही कोल्हापुरी, म्हणजे सगळ्या सारख्या. त्यांतून भावाचा जोड शोधायचा. त्याच्या उजव्या चपलेचा अंगठा झिजलेला होता. तो दिसला की चरवी तिथे ठेवायची, नाही दिसला तर दूध घेऊन परत. पुढे पुढे बाकीचे जोडही ओळखीचे झाले. कोण आजारी आहे, कोण नवा आला, कोण रुसून गावी गेला, हे सहावीतल्या मुलीला वस्तादाआधी कळू लागले. आतल्या माणसांना तिचे नावही ठाऊक नव्हते. हे कळल्यावर काकूंना हसणे थोडे जड जाते, इतके मान्य करायला हरकत नाही.

‘जिम १२ मुलांची गर्दी’ ही सगळ्यांची जिम. इथे एक दिवसाची ट्रायल फुकट होती म्हणून काकू गेल्या. स्टँड वाचला : बावीसास तीन. सँडल काढल्या, पिशवीतून भाचीच्या लग्नाआधी घेतलेले आणि अजून पांढरेच असलेले बूट काढले. शिकवणारा पोरगा तेवीस-चोवीसचा. त्याने आधी ट्रेडमिलकडे हात केला, मग एक-एक किलोची दोन डंबेल्स आणून दिली आणि “काकू, झेपेल तेवढंच” म्हणाला. घरगुती गॅसच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. लोखंडाचे वजन धरून भरलेले सिलिंडर तीस किलोंच्या आसपास जाते. काकूंनी ते गेली तीस वर्षे बाल्कनीतून ओट्यापर्यंत नेले आहे, तेही काकांना झोपमोड न होऊ देता. त्यांनी डंबेल्स परत केली आणि कोपऱ्यातल्या दांड्याकडे बोट दाखवले. तो पुरुषांच्या स्पर्धेतला, रिकामाच २० किलोंचा. स्त्रियांच्या स्पर्धेतला १५ किलोंचा दांडा त्या जिममध्ये नव्हता. पोराने गुडघे कसे वाकवायचे, कंबर कुठे ठेवायची ते नीट दाखवले, आणि हेही मान्य करायला हवे की सल्ला न देता बाजूला उभा राहिला. काकूंनी दांडा उचलला. खाली ठेवला. पुन्हा उचलला. आठव्या वेळी वजनांच्या कोपऱ्यातल्या दोघांनी गाणे बारीक केले. दहाव्याला पोरगा म्हणाला, “अडीच-अडीचच्या चकत्या लावू का?” “लाव,” काकू म्हणाल्या.

तासाभराने त्या घाम पुसत बाहेर आल्या आणि सवयीने स्टँडसमोर थांबल्या. पुरुषांचे बावीस. बायकांचे चार. मघाशी तीन होते. त्यांनी चष्मा वर करून पुन्हा मोजले, वरच्या कप्प्यापासून. चौथा जोड तपकिरी, जुना, उजव्या सँडलचा अंगठा झिजलेला. तो कोणाचा हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला.

काउंटरवरच्या मुलीने फॉर्म पुढे केला, पेनही दिले. काकूंनी फॉर्म वाचला, घडी घालून पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, “कळवते.”