अक्षरं तिरपी, रांग मात्र सरळ!

काय म्हणावं ह्या जगाला! एक लाल पट्टी, तिच्यावर उजवीकडे कललेली पांढरी ठळक अक्षरं. संपलं. एवढ्यासाठी न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम' ह्या कपड्यांच्या कंपनीच्या दुकानापुढे धडधाकट पोरं तासन् तास रांगेत? ह्यांना दूध आणायला पाठवा, लगेच पाय दुखतील!

२०१६ साली सुप्रीमवाल्यांनी वीट विकायला काढली. हो हो, मातीची वीट! तिच्यावर तेच तिरपं नाव, किंमत तीस डॉलर. हातोहात खपली आणि ईबेवर लोक हजार डॉलर मागू लागले. आपल्याकडच्या विटेवर निदान विठोबा तरी उभा आहे! २०१८ च्या ऑगस्टमध्ये 'न्यूयॉर्क पोस्ट'च्या पानावर ही लाल पट्टी जाहिरात म्हणून छापली, तर सकाळीच अंक गायब. बातम्या वाचायला नेले असतील, नाही का?

आणि ते अक्षर कोणाचं? 'फ्युचुरा'. जर्मनीच्या पाउल रेनरनं १९२७ साली आणलेलं, अगदी सरळमार्गी घराण्यातलं. ओ म्हणजे जणू कंपासनं मारलेलं वर्तुळ. नखरा नाही, शेपटी नाही. १९६९ साली चंद्रावर ठेवलेल्या पाटीवर कसं ताठ उभं होतं! मग त्याला वाकडी वाट दाखवली कोणी? तिरपं करताना हाताच्या लिखाणाचं वळण द्यायचे कष्टसुद्धा नाहीत. तोच गोल, तोच दांडा, नुसता कलवला. पण ठळक करून कलवला की काय ओरडतो म्हणता!

हे ओरडणं बार्बरा क्रूगर ह्या चित्रकर्तीनं बरोबर हेरलं. मासिकांच्या मांडणीत मुरलेली बाई. काळेपांढरे फोटो, लाल पट्ट्या आणि हेच अक्षर घेऊन तिनं १९८० च्या दशकात खरेदीवेड्या जगाला चांगलंच धुतलं. १९८७ साली तर 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' ह्या देकार्तच्या वाक्यात विचाराच्या जागी खरेदी बसवून मोकळी झाली! त्याच वळणाची पट्टी १९९४ साली सुप्रीमनं दुकानावर लावली आणि जगाला खरेदीला लावलं. वर २०१३ साली नक्कल केली म्हणून दुसऱ्याच एका कंपनीवर एक कोटी डॉलरचा दावा! चोराच्या उलट्या बोंबा दुसऱ्या कशाला म्हणायचं? ह्या भांडणाबद्दल पत्रकारानं विचारलं तेव्हा क्रूगरबाईंनी कोरी ईमेल धाडली, सोबत एक फाइल. फाइलचं नाव 'फूल्स', म्हणजे मूर्ख. वा बाई, वा!

हसताय काय? स्वतःचं आडनाव लाल पट्टीत घालून कसं दिसतं ते गुपचूप बघितलंत ना? देशपांडे काय, गायकवाड काय, सगळे एकदम परदेशी! आणि दळण आणायला जाताना अंगात असतो तो टी-शर्ट कुठला? मुलाचा जुना? बरं, बरं.

असला टी-शर्ट घ्यायला फॅशन स्ट्रीटला जाणार असालच तर विकणारा तीनशे सांगेल, दीडशेच्या वर जाऊ नका. आणि पैसे देण्याआधी स्पेलिंग तेवढं तपासून घ्या.