रिफ्रेश-मीमांसा (जालना प्रत)

विंडोज सोडून लिनक्सकडे जाणाऱ्या नवशिक्याचे काय काय हरवते, यावर जाणकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. कोणी एक्सेलसाठी गळा काढतो, कोणी टॅलीसाठी, कोणी जुन्या मराठी फॉन्टसाठी. खरी हानी मात्र नोंदवायची राहून गेली. लिनक्स मिंटच्या डेस्कटॉपवर राइट क्लिक केले की नवीन फोल्डर मिळते, टर्मिनल मिळते; 'रिफ्रेश' मिळत नाही. प्रस्तुत निबंध त्या रिकाम्या जागेविषयी आहे.

क्षेत्र. जालना, मंठा चौफुलीजवळचे आमचे बी-बियाण्यांचे दुकान. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा लागते, ती आमच्या म्हाताऱ्या यंत्रात नव्हती. दिवाळीला संभाजीनगरहून आलेल्या इंजिनिअर भाच्याने पेनड्राइव्हवरून आधी मिंट चालवून दाखवले, मग बसवले. लिब्रेऑफिसात बिले निघू लागली, प्रिंटरने मुकाट कागद ओढला. तरी आमचे बोट अस्वस्थ.

"मामा, काय शोधायलेत?"

सांगायची लाज वाटली.

व्याख्या. रिफ्रेश म्हणजे डेस्कटॉपवरची चिन्हे आहेत तिथेच पुन्हा काढणे. त्याने रॅम रिकामी होत नाही, वेगही वाढत नाही. निष्काम कर्माच्या हे नेमके उलट आहे: फळाची अपेक्षा भरपूर, फळ शून्य.

प्रकार. निरीक्षणान्ती चार आढळले.

१. मंगलाचरणी: यंत्र सुरू झाल्यावर, चहा येण्याआधी, तीनदा. मध्ये लाइट जाऊन आली असल्यास पाचदा.

२. चिंतनशील: गिऱ्हाईक "मोसंबीचे पैसे आले की देतो" म्हणते, तेव्हा उत्तर सुचेपर्यंत.

३. उपचारात्मक: यंत्र अडकल्यावर. अडून बसलेल्या म्हशीच्या पाठीवर थाप मारतात, त्याच जातीचा उपाय; गुणही तितकाच.

४. दर्शनी: आपण कामात आहोत हे समोरच्याला दिसावे म्हणून.

परंपरा. २००१ पासून एमकेसीएलच्या एमएस-सीआयटीने महाराष्ट्राच्या हातात माउस दिला. आमची पिढी फाइल सेव्ह करायला त्या वर्गात शिकली. रिफ्रेश मात्र शेजारच्या खुर्चीवरून शिकली. ही विद्या पाहून येते, आणि पाहून आलेली विद्या परीक्षेनंतरही टिकते.

पूर्वपक्ष. भाचा म्हणतो, लिनक्सला त्याची गरजच नाही. २००५ सालापासून कर्नेलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आयनोटिफाय नावाची सोय आहे. फाइल आली, गेली, नाव बदलले, की कर्नेल स्वतःच फाइल मॅनेजरला वर्दी देते. शिवाय फोल्डरच्या खिडकीत एफ-५ आहेच.

उत्तरपक्ष. मोंढ्यातला काटा बिनचूक असतो हे ठाऊक असूनही पोते चढवण्याआधी शेतकरी तो बोटाने हलवून पाहतोच. त्या बोटाला आयनोटिफाय काय समजावणार? जित्याची खोड म्हणतात ती हीच. हेलसिंकीतल्या एकवीस वर्षांच्या लिनस तोरवाल्ड्सने १९९१ साली छंद म्हणून कर्नेल लिहायला घेतले, तेव्हा त्याला जालन्यातल्या छंदांची कल्पना असण्याचे कारण नव्हते.

सिद्धान्त. तोड भाच्यानेच काढली. मिंटच्या नेमो या फाइल मॅनेजरमध्ये राइट क्लिकच्या मेनूत आपल्या मर्जीची ओळ घालता येते. परवानगी कोणाची लागत नाही. पाच ओळींची साधी टेक्स्ट फाइल ठरलेल्या फोल्डरात ठेवली की झाले. त्याने नाव लिहिले 'रिफ्रेश', आणि त्यामागे आज्ञा जोडली 'ट्रू'. ही युनिक्स घराण्यातली जुनी आज्ञा. तिचे काम एवढेच: काहीही न करणे, आणि ते यशस्वी झाल्याचे कळवणे.

विंडोजचा रिफ्रेश निदान चिन्हे तरी पुन्हा काढायचा. आमचा तेवढीही तसदी घेत नाही. रोज सकाळी चहाआधी आम्ही तो तीनदा दाबतो. यंत्र पूर्वीपेक्षा चपळ झाले आहे, असे आमचे ठाम निरीक्षण आहे.