मानीव प्रतिनियुक्ती

मुलाला सरकारी उद्योगात ‘कामगार संबंध’ या विषयात करिअर करायचं असेल, तर आधी अंबरनाथ पश्चिमेला धाडा. आयुधनिर्माणी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, दोघी एकाच गावच्या. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या आणि दोघींची सासरं वेगळी निघाली: एकीचं नागपूर, दुसरीचं थेट चेन्नईजवळचं आवडी. कामगार मात्र जागचा हलला नाही. तेच गेट, तेच यंत्र. फक्त सरकारी नोकर राहूनच तो कंपनीत ‘मानीव प्रतिनियुक्ती’वर गेला. आधी दोन वर्षं, मग मुदतवाढ. (लग्न लागलं, पण आडनाव माहेरचंच.)

मंडळ मोडण्याविरुद्ध संघटनांनी बेमुदत संपाचं नाव काढलं, तर जून २०२१ मध्येच वटहुकूम निघाला आणि मागोमाग वर्षभरापुरता कायदा: तेव्हा संप केलात तर वर्षापर्यंत कैद. शस्त्रं घडवणाऱ्यांकडे स्वतःचं असं एकच शस्त्र होतं, तेही जमा! मग कामगार संबंध अधिकाऱ्याला काम काय उरलं? चहा मागवायचा, मागण्या ऐकायच्या, ‘वरती कळवतो’ म्हणायचं. फक्त वरती म्हणजे नागपूर, आवडी की दिल्ली, हे कुणाला तरी आधी विचारून घ्यावं.