तात्या विंचूचा दुसरा डंख

दुसरा भाग काढणं ही गोष्ट मुळात वाईट नाही, हे नंदुरबारकराने तरी मान्य करायला हवं. आमचा जिल्हा हाच एक दुसरा भाग आहे. 1993 साली महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ हा चित्रपट आला तेव्हा नंदुरबार हे धुळे जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव होतं. 1 जुलै 1998 रोजी धुळ्याचं विभाजन झालं आणि शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, अक्राणी सोबत घेऊन आम्ही वेगळे निघालो. मूळ भाग सरस की नवा, हा प्रश्न धुळेकरांना विचारू नये. उत्तर ठरलेलं आहे. पण या दुसऱ्या भागाला निदान स्वतःची गोष्ट आहे, स्वतःचा सातपुडा आहे. 2013 साली थ्रीडी चष्म्यासकट आलेल्या ‘झपाटलेला 2’पाशी नेमकी तीच नव्हती.

आता कोणी म्हणेल, बाहुल्याच्या पिक्चरकडून एवढी अपेक्षा कशाला? तर ‘झपाटलेला’ हा नुसता बाहुल्याचा पिक्चर नव्हता, म्हणून. कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ (1988) या चित्रपटाची, हे जगजाहीर आहे. तिथे बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. कोठारेंनी तो, म्हणजे तात्या विंचू या गुंडाचा आत्मा शिरलेला बाहुला, लक्ष्मीकांत बेर्डेंच्या लक्ष्याच्या हाती दिला, आणि लक्ष्याला शब्दभ्रमकार व्हायचं होतं. सगळी करामत या एका बदलात आहे. लक्ष्या बोंबलून सांगतो की हा बाहुला स्वतःच्या तोंडाने बोलतो, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, वा, पोराला कला साधली! खालचा जबडा खटकन उघडतो, डोळे कडेला वळतात, दिलीप प्रभावळकरांचा तो घोगरा आवाज येतो. घाम मात्र लक्ष्याला फुटतो आणि कौतुकही त्याचंच होतं. माणूस जितका खरं बोलतो तितका जास्त खोटा ठरतो. विनोद इथूनच निघतो आणि भीतीही इथूनच. शिवाय हा बाहुला घडवणारे आणि बोलका करणारे रामदास पाध्ये. त्यांच्या वडिलांच्या अर्धवटरावाने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या हसवलेल्या. बोलका बाहुला म्हणजे घरातलाच पाहुणा अशी आपली समजूत होती. तो पाहुणा रात्री चाकू घेऊन उठला, हा धक्का ‘चाइल्ड्स प्ले’च्या प्रेक्षकाला कळायचा नाही.

थरारपटाचं भांडवल म्हणजे रहस्य, आणि ‘झपाटलेला’चं रहस्य तर फार साधं होतं: एकालाच ठाऊक आहे आणि त्याच्यावर कोणाचाही विश्वास नाही. दुसऱ्या भागात हे भांडवल पहिल्या मिनिटाला बुडतं. तात्या विंचू कोण, हे पोलिसांना ठाऊक, तिकीट फाडणाऱ्याला ठाऊक, आणि मधल्या वीस वर्षांत टीव्हीवर पिक्चर लागला की गल्लीतली पोरं त्यातल्या मांत्रिक बाबा चमत्कारचा मंत्र म्हणत पळत, त्यामुळे धडगावच्या घाटातल्या पाड्यावरच्या पोरालाही ठाऊक. मग उरतं काय? बाहुला पडद्यातून बाहेर येऊन आपल्या नाकासमोर चाकू नाचवतो. पहिल्यांदा माणूस दचकतो, दुसऱ्यांदा चष्मा पुसतो, तिसऱ्यांदा शेजारच्याच्या पॉपकॉर्नकडे बघतो. मिरचीच्या बाजारासाठी नावाजलेल्या आमच्या गावात एवढं तर कोणीही सांगेल की रंगाची मिरची वेगळी आणि ठसक्याची वेगळी. थ्रीडीने भाजीला तर्री फार सुरेख आली. ठसका लागला नाही.

दुसरं दुखणं नियमांचं. भुताखेतांच्या गोष्टीत काहीही चालतं असा एक गैरसमज आहे. उलट, जिथे सगळंच अशक्य असतं तिथे नियम लोखंडी लागतात. तात्याने आपलं गुपित ज्याला सर्वांत आधी सांगितलं त्याच्याच देहात त्याला शिरता येईल, आणि भुवयांच्या मधोमध गोळी लागली तरच तो मरेल, अशा दोन खुंट्यांवर पहिला चित्रपट टांगलेला होता. शेवटी इन्स्पेक्टर महेश जाधवांची गोळी बरोबर तिथेच लागली. दुसऱ्या भागाला ती गोळी आधी पुसावी लागते. पुढे, लक्ष्या नाही म्हणून त्याच्या मुलाचा देह चालेल अशी सवलत निघते. वारसाहक्काने सातबारा मिळतो, पछाडणंही मिळतं हे नव्यानेच कळलं. तलाठ्याने नोंद घेतली की नाही, तेवढं चित्रपटात दाखवायचं राहिलं.

इथे खरा आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर 2004 मध्ये गेले. त्यांच्याविना ‘झपाटलेला’ म्हणजे नवरदेवाविना वरात, मग लक्ष्याच्या मुलाच्या भूमिकेतल्या आदिनाथ कोठारेने काय करायचं? त्याचा दोष नाहीच. दुसऱ्या भागातल्या मकरंद अनासपुऱ्यांनाही हसवता येतं. पण क्षणभर धरून चला की लक्ष्या होता. दुसऱ्या भागात तो धावत येऊन ओरडला असता, “बाहुला बोलतोय!” आणि गावाने शांतपणे विचारलं असतं, “तात्या का? कधी आला?” त्या टायमिंगच्या बादशहालाही यावर काही करता आलं नसतं. दिग्दर्शक तोच, आवाज तोच, बाहुल्यामागचे हात तेच. पडद्यामागची माणसं तीच असून ठसका गेला, याचा अर्थ खोट माणसांत नव्हती, मांडणीत होती.

चित्रपट चालला, हेही सांगितलं जातं. चालला, खरंय. लोक तात्याला भेटायला गेले, जसे गावाकडच्या जुन्या मास्तरांना भेटायला जातात. मास्तर आता मारतील या भीतीने कोणी जात नाही. आणि दुसरा भाग जमतच नाही असंही नाही. गोव्यात घडणारा हिंदी ‘दृश्यम 2’ (2022) पाहा. प्रेत कुठे पुरलंय हे पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकाला कळलेलं होतं, म्हणजे भांडवल तिथेही संपलेलंच. तिथे लेखकाने काय केलं, तर विजय साळगावकरला मधल्या काळात आपल्यापासूनही काही लपवू दिलं. आपल्याला सगळं माहीत आहे ही प्रेक्षकाची घमेंडच त्यांनी रहस्याला जुंपली. तात्याने मात्र वीस वर्षांत आपल्यापासून एकही गोष्ट लपवली नाही. एवढा प्रामाणिक खलनायक मराठीत दुसरा नसेल.

तिसऱ्या भागाची घोषणा झालेली आहे. कोठारे साहेब, तंत्र हवं ते आणा, चष्मे हवे तेवढे वाटा. फक्त तात्या आला यावर विश्वास न ठेवणारं एक गाव कुठूनतरी शोधून काढा. शोध घेताना नंदुरबार जिल्हा सोडून द्या, इथे सगळ्यांचा पहिला भाग पाहून झालेला आहे.