भेटीचा उद्देश

शाळेत आपण सगळ्यांनी हात पुढे करून जी प्रतिज्ञा म्हटली, तिच्यात 'सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीच्या अधीन राहून' असे शब्द कुठेही नव्हते. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ही बाब अरुणाचलच्या सहलीचे पैसे भरल्यावर पहिल्यांदा हेरली. "देश माझा, रस्ता माझा, तिकीट माझ्या पैशाचं. मग तवांगला जायला इनर लाइन परमिट कशाला? मी काय घुसखोर आहे? मी इन्कम टॅक्स भरतो!" इन्कम टॅक्स भरणाऱ्या माणसाला हिमालयात कुठेही मोकळं सोडलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वहिनी म्हणाल्या, "सोडून यायला माझी काहीच हरकत नाही."

तरी परमिट आता ऑनलाइन मिळतं. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, ओळखपत्र, फोटो, कुठून शिरणार, किती दिवस राहणार आणि भेटीचा उद्देश. हा शेवटचा रकाना सेक्रेटरींना फार लागला. त्यांना तिथे 'राष्ट्रप्रेम' लिहायचं होतं, पण तो पर्याय यादीत नव्हता. शेवटी 'पर्यटन' या क्षुल्लक कारणावर समाधान मानावं लागलं. फोटो त्यांनी घरातल्या पाकिटातला दिला. मराठी घरात पासपोर्ट साइज फोटोंचं एक पाकीट असतंच आणि त्यातले फोटो संपेपर्यंत माणसाला म्हातारं व्हायची मुभा नसते. परमिट आल्यावर त्याच्या झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या आणि मूळ प्रत त्यांनी लॅमिनेट करून घेतली. इतक्या तयारीनंतर भालुकपाँगच्या चेकगेटवरच्या पोलिसाने कागदावर जेमतेम नजर टाकली आणि 'जाइए' म्हणाला. सेक्रेटरींचा इथे दुसरा अपमान झाला. अडवलं म्हणून पहिला झाला होता, आता सहज सोडलं म्हणून.

ही रेषा कुणी आखली, यावर गाडीत बराच खल झाला. एकाने नेहरूंचं नाव घेतलं, दुसऱ्याने चीनचं. दोघांचीही माहिती मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेली. खरी गोष्ट अशी, की ही रेषा 1873 ची. कायद्याचं नाव बंगाल ईस्टर्न फ्रंटियर रेग्युलेशन. तेव्हा आसामात चहाचे मळे डोंगराच्या दिशेने सरकत होते, त्यांच्या पुढे रबर गोळा करणारे व्यापारी आणि हत्ती पकडणारे. मळा सरकला की डोंगरातल्या लोकांशी मारामारी, मारामारी झाली की पलटण, आणि पलटण निघाली की खर्च. साहेबाला रक्तापेक्षा खर्च जास्त लागायचा. म्हणून त्याने रेघ मारली. हिच्यापलीकडे ब्रिटिश प्रजेने पासाशिवाय जायचं नाही. गेलेल्याकडे रबर, मेण, हस्तिदंत किंवा जंगलातला कुठलाही माल सापडला तर तो जप्त. आणि बाहेरच्या माणसाने तिथे जमीन घ्यायची नाही.

मग स्वातंत्र्य आलं, राज्यघटना आली आणि 1950 मध्ये या कायद्याचंही भारतीयीकरण झालं. म्हणजे 'ब्रिटिश प्रजाजन' हे शब्द खोडून त्या जागी 'भारताचे नागरिक' घातले. ज्याला अडवायचं तो माणूस बदलला, अडवणं तसंच राहिलं. आज अरुणाचल, नागालँड आणि मिझोराममध्ये ही रेघ आहे. मणिपूरमध्ये ती नव्हती. आम्हालाही हवी म्हणून तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली आणि 2019 च्या डिसेंबरात ती मिळवली. हे ऐकून सेक्रेटरी चक्रावले. "म्हणजे सरकार अडवतंय असं नाही, तिथल्या लोकांनाच आपण नको आहोत?" असं थेट त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. न कळवता येऊन ठेपणाऱ्या पाहुण्यांनाही असं सांगत नाहीत आपल्याकडे.

परमिट मिळालं म्हणजे सगळं मिळालं, हा भ्रम तवांगला उतरतो. बुम ला खिंडीत, म्हणजे चीनच्या अगदी तोंडासमोर जायचं तर आणखी एक कागद लागतो. तो जिल्हा उपायुक्तांच्या कार्यालयातून, त्यावर लष्कराचा शिक्का, आणि गाडी तिथलीच. हॉटेलवाला किंवा ड्रायव्हर आदल्या संध्याकाळी सगळ्यांचे कागद गोळा करून नेतो. सेक्रेटरींनी ऐटीत लॅमिनेट केलेलं परमिट पुढे केलं. ड्रायव्हरने ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाला, "साब, झेरॉक्स दीजिए. ये तो कार्ड बन गया." झेरॉक्सच्या झेरॉक्सने त्या दिवशी इभ्रत राखली.

बुम ला 15,200 फुटांवर. वर पोहोचल्यावर प्रत्येक मराठी पर्यटक पहिला प्रश्न विचारतो, "चीन कुठंय?" जवान हात करतो. समोर दगड, बर्फ आणि लांबवर एक इमारत. अलीकडचे दगड आणि पलीकडचे दगड यांत काहीही फरक नसल्यामुळे मंडळी हिरमुसतात. 1962 च्या युद्धात याच भागात लढलेले सुभेदार जोगिंदर सिंग जखमी होऊन चिनी कैदेत वारले, त्यांना परमवीर चक्र मिळालं, हे वाटेवरच्या स्मारकाशी जवान सांगत असतो आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "इथे भजी मिळतात म्हणे?" भावना दाटून आल्या की आपल्याला भूक लागते.

त्याच रस्त्यावर एक सरोवर आहे, संगेत्सर. ते नाव ड्रायव्हर सोडून कुणी घेत नाही. 1997 च्या 'कोयला' चित्रपटात माधुरी दीक्षित तिथे नाचली आणि सरोवर 'माधुरी लेक' झालं. आमच्या गाडीत अभिमानाची लाटच आली. ना ठराव, ना मोर्चा, ना कुणाच्या दुकानाच्या पाटीला काळं फासणं. चीनच्या सीमेवर मराठी मुलीचं नाव लागलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही. तिथल्या लोकांच्या तोंडी असलेलं नाव एका गाण्यात पुसलं गेलं, याचं वाईट वाटून घेण्याइतका प्राणवायू त्या उंचीवर नसतो.

परवान्याच्या या खेळात सर्वांत मोठी फजिती झाली ती सेक्रेटरींच्या चिरंजीवांची. ते न्यू जर्सीला असतात. त्यांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हा सोसायटीत पेढे वाटले होते. आता वडिलांबरोबर तवांगला यायची त्यांना हौस आली. ओसीआय, अर्थात 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया', कार्ड होतं, म्हणजे घरचाच माणूस. पण अशा भागात ओसीआयवाल्यालाही खास परवानगी, म्हणजे प्रोटेक्टेड एरिया परमिट, काढावी लागते आणि त्याऐवजी सिक्कीमला जावं तर परदेशी पासपोर्टवाल्याला तिथल्या नथु ला खिंडीची दारं बंदच. नथु ला फक्त भारतीय नागरिकांसाठी, तेही सोमवार-मंगळवार सोडून. त्या दोन दिवशी चीन असतो, दर्शन नसतं. शेवटी चिरंजीवांनी गोव्याचा बेत केला. "जन्म ठाण्याचा, मुंज ठाण्यात, आणि हे त्याला परका म्हणतात!" सेक्रेटरी कळवळले. ज्या कागदाचे पेढे खाल्ले, तोच कागद वाचून सरकार त्याला परका म्हणत होतं. पण पेढे पचल्यावर हे कुणाला आठवतं?

सरकारचंही यात काही एक धोरण असावं, असं मानायला जागा आहे. पूर्वी सीमेवरच्या गावाला शेवटचं गाव म्हणत. आता ते पहिलं गाव. त्यासाठी 'व्हायब्रंट व्हिलेजेस' नावाची योजना निघाली, 2023 मध्ये तिला 4,800 कोटी रुपये मंजूर झाले. 2025 च्या सेनादिनाला तर रणभूमी दर्शनाची वेबसाइटही आली, गलवानपासून लोंगेवालापर्यंतची ठिकाणं पाहा म्हणून. म्हणजे एका खिडकीतून सरकार 'या, या' म्हणतं आणि दुसऱ्या खिडकीतून 'कोण आपण?' विचारतं. देशाच्या पहिल्या गावात पोहोचायला शेवटपर्यंत कागद दाखवत जावं लागतं. लडाखने 2021 मध्ये भारतीयांना नुब्रा आणि पँगाँगचं परमिट माफ केलं, पण पर्यावरण शुल्क ठेवलं. परवाना गेला, पावती राहिली. आणि परवाना गेल्यावर जी गर्दी लोटली, ती पाहून "इथे काहीतरी निर्बंध पाहिजेत बुवा" असं म्हणणारे पहिले गृहस्थ आमचे सेक्रेटरीच होते. ते तेव्हा पँगाँगच्या काठावर, सिनेमातल्यासारख्या पिवळ्या स्कूटरवर बसून फोटो काढून घेण्यासाठी रांगेत उभे होते.

आता हेच सेक्रेटरी आपल्या गेटवर कसे असतात ते पाहा. आमच्या सोसायटीत शिरायचं तर वॉचमनला नाव सांगा, मोबाइल नंबर सांगा, कोणत्या फ्लॅटला जाणार ते सांगा, फोटो काढून घ्या आणि 'भेटीचा उद्देश' लिहा. रकाने तेच, क्रमसुद्धा जवळपास तोच. जेवण घेऊन येणाऱ्या पोराला मोठ्या लिफ्टला बंदी. घरकामाच्या बायकांना कार्ड, त्यावर पोलीस पडताळणी. एकट्या मुलाला फ्लॅट भाड्याने द्यायचा तर कमिटीची परवानगी, म्हणजे आमच्याकडचं प्रोटेक्टेड एरिया परमिट. आणि संध्याकाळी कामाच्या बायका बाहेर पडताना त्यांच्या पिशव्या उघडून पाहिल्या जातात. 1873 च्या साहेबाने निदान रबर, मेण आणि हस्तिदंत अशी यादी तरी दिली होती. आमच्याकडे संशयाला यादीचं बंधन नाही. आणि गेटच्या आत जे राहतं ते इतकं अनमोल असतं म्हणावं, तर आत आम्हीच राहतो.

हे मी सेक्रेटरींना सांगितलं. ते म्हणाले, "तो सुरक्षेचा प्रश्न आहे." सीमेवरही तोच आहे, म्हटलं. ते म्हणाले, "तिथे लष्कर आहे. आमच्याकडे एकच वॉचमन." या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पण त्यांचं मतपरिवर्तन झालं ते परतीच्या वाटेवर, दिरांगमध्ये. मराठी माणूस कुठेही फिरायला गेला की तिसऱ्या दिवशी त्याच्या तोंडून एक प्रश्न आपोआप येतो. नदी, सफरचंदाची झाडं, समोर डोंगर पाहून सेक्रेटरींनी ड्रायव्हरला विचारलंच, "इधर जगह का भाव क्या चल रहा है?" ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "बाहरवाला यहाँ ज़मीन नहीं ले सकता, साब." सेक्रेटरींना वाटलं, भाव वाढवायची पद्धत असेल. "फिर भी, अंदाज़े?" ड्रायव्हर म्हणाला, "अंदाज़ा ही नहीं है. बिकता ही नहीं."

पुढचा सगळा घाट सेक्रेटरी गप्प होते. भालुकपाँगला मात्र त्यांना कंठ फुटला. "असाच कायदा कोकणाला पाहिजे! सगळं कोकण परप्रांतीयांनी विकत घेतलं हो. कुठून कुठून येतात, डोंगरच्या डोंगर घेतात, कुंपणं घालतात, आणि आपली माणसं त्यांच्याच बंगल्यांवर राखणदार!" त्यांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात. गुवाहाटीच्या विमानतळावर, बोर्डिंग पासच्या पाठीवर, त्यांनी 'कोकण इनर लाइन परमिट'चा मसुदा तयार केला. खारपाडा पुलाशी चेकगेट. पास देणारा सक्षम अधिकारी: कोकणचा सुपुत्र, निवृत्त, प्रशासनाचा अनुभव असलेला. नाव लिहायचं त्यांनी विनयाने टाळलं. मूळ रहिवाशांना पास माफ. बाकीच्यांनी नाव, पत्ता, फोटो, मुक्कामाचं ठिकाण आणि भेटीचा उद्देश द्यायचा. आंबा, काजू, जांभा किंवा वाळू घेऊन जाणाऱ्याचा माल जप्त.

मसुदा एकदा चाचणी म्हणून तुमच्या मागच्या भेटीपुरता तुम्हीच भरा, असं मी सुचवलं. ते खुशीत बसले. नाव लिहिलं. कायमचा पत्ता ठाणे आला, कारण आधार कार्ड ठाण्याचं. म्हणजे ते 'बाकीच्यांत' गेले. त्यांनी लगेच दुरुस्ती केली, 'मूळचे' म्हणजे ज्यांच्या आजोबांचं घर तिथे आहे असे. चिरंजीवही मग बसतील का, असं मी विचारलं. बसतील, म्हणाले. मुक्काम? "घर पाडलं गेल्या वर्षी. हॉटेलात उतरतो." ठीक. मागच्या भेटीची तारीख? ती शिमग्याच्या आसपासची.

मागच्या भेटीचा उद्देश?

पेन थांबलं. वहिनी मधेच म्हणाल्या, "लिहा की. त्या दिल्लीच्या पार्टीला खालची वाडी दाखवायला नव्हता का गेलात?"

सेक्रेटरींनी बोर्डिंग पास जवळ ओढला, एक रकाना काळजीपूर्वक खोडला आणि म्हणाले, "हा उद्देश वगैरे काढून टाकू. विनाकारण फॉर्म लांबतो."