कप्तान

जर्मनीतल्या मराठी गोतावळ्यात काही माणसं ठरलेली असतात. गणपतीच्या आरतीला सगळ्यांच्या वरचा सूर लावणारा एक, जर्मन पावाला नावं ठेवत रोज तोच खाणारा एक, आणि 'पुढच्या वर्षी परत जायचंच' असं दर दिवाळीला म्हणणारे पुष्कळ. अलीकडे यात आणखी एकाची भर पडली आहे. भाड्याच्या घराला कंटाळून जुनी बोट विकत घ्यायची आणि तिच्यावरच राहायचं, असा बेत केलेला गृहस्थ. हॅम्बुर्गला तो एल्बेकाठी सापडतो, कोलोनला ऱ्हाइनकाठी. मी सांगतोय तो बर्लिनचा. त्याला सगळे कप्तान म्हणतात. हे नाव त्यानेच सुचवलं होतं, पण ती गोष्ट आता कुणी काढत नाही.

कप्तान पंचेचाळिशीचा, सॉफ्टवेअरमधला, मूळचा पुण्याच्या पेठेतला. पोहायला तो टिळक टँकवर शिकला, पाठीला डबा बांधून. डबा सुटल्यावर तो परत तिकडे फिरकला नाही. तेव्हा त्याच्या बोटीच्या वेडाचं मूळ पाण्यात शोधू नये. ते घरभाड्यात आहे. बर्लिनच्या राज्य सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये शहरातली भाडी गोठवणारा कायदा आणला. कप्तानाचं भाडं कमी झालं, आणि वाचलेल्या पैशांतून त्याने झकास सायकल घेतली. एप्रिल २०२१ मध्ये कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयाने तो कायदाच रद्द केला. घरमालकाचं थकबाकीचं पत्र आलं. सायकल एका दिवसात घरमालकाची झाली. चालवत मात्र कप्तानच राहिला.

त्याच सुमारास नेटफ्लिक्सवर 'दास हाउसबोट' नावाची मालिका आली होती. गुंटर गाब्रिएल नावाच्या गायकाची ती बोट. 'बॉस, मला जास्त पैसे हवेत' अशा अर्थाचं त्याचं गाणं १९७४ मध्ये जर्मनीभर गाजलं. पुढे त्याचे स्वतःचेच पैसे गेले आणि तो हॅम्बुर्गच्या हारबुर्ग बंदरात बोटीवर राहू लागला. २०१७ मध्ये तो वारला. ती बोट ओली शुल्त्स आणि फिन क्लीमन या दोघांनी विकत घेतली आणि दुरुस्तीला काढली. चार भागांच्या त्या मालिकेत गंज आहे, वैताग आहे, फुगत जाणारा खर्च आहे. शहाण्या माणसाने बघावी आणि भाड्याच्या घरात गादीवर शांत झोपावं. कप्तानाने ती दोनदा बघितली आणि म्हणाला, "केवढी मोकळीक आहे रे!"

मग दर शनिवारी बोटी बघायला जाणं सुरू झालं. जुन्या वस्तूंच्या संकेतस्थळावरच्या सगळ्या जाहिराती त्याला पाठ. 'हॉलंड, १९७४, पोलादी, अकरा मीटर, डिझेल इंजिन, थोडं काम बाकी.' थोडं काम बाकी म्हणजे आतून खालचं पाणी दिसतं, हे त्याला तिसऱ्या बोटीवर कळलं. ब्रांडेनबुर्गमधल्या कुठल्या तरी तळ्याकाठी निवृत्त जर्मन गृहस्थ कॉफी घेऊन बसलेले असायचे. गुडघे गेले म्हणून बोट विकायची, पण ऐऱ्यागैऱ्याला द्यायची नाही. स्थळ बघायला गेल्यासारखंच सगळं, फरक एवढाच की इथे मुलीकडचे मुलाला चालून दाखवायला लावायचे. हिवाळ्यात पाइपातलं पाणी कसं काढाल? बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाशी, तेल साठलं तर काय कराल? कप्तान अशी उत्तरं द्यायचा की आजोबा कॉफीचा दुसरा कप भरायचेच नाहीत.

शेवटी एका आजोबांना तो पसंत पडला. आता बोटीचा पत्रा तपासायचा. पोलादी बोट पाण्यातून वर काढून तळाच्या पत्र्याची जाडी अल्ट्रासाउंडने जागोजागी मोजतात, आणि विमा उतरवणारेही तसा अहवाल मागतात. कप्तानाने फोनवर आईला एवढंच सांगितलं, "पुढच्या आठवड्यात अल्ट्रासाउंड आहे." पुण्यात दोन मिनिटं शांतता. मग आई हळूच म्हणाली, "अरे, या वयात?" ती आनंदाची बातमी अर्ध्या पेठेतून परत गोळा करायला आईला पंधरवडा लागला.

अहवाल बरा आला. पाण्यात दोन वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की एक झिजतो. पोलाद झिजू नये म्हणून बोटीच्या पोटाला मुद्दाम लवकर झिजणाऱ्या धातूचे ठोकळे लावतात, खाऱ्या पाण्यात जस्ताचे, गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे. ते संपत आले की बदलायचे. हे कप्तान फार रंगून समजावतो. "म्हणजे बोटीपायी बळी जाणारं काहीतरी ठेवावंच लागतं," असं तो म्हणाला की त्याची बायको शांतपणे फोनमध्ये बँकेचं खातं उघडून त्याच्यापुढे धरते.

इंजिन पंधरा हॉर्सपॉवरच्या वरचं असेल तर जर्मनीत बोट चालवायला परवाना लागतो. लेखी परीक्षा, बोट चालवून दाखवायची, माणूस पाण्यात पडला असं समजून फेकलेली वस्तू वळसा घालून उचलून आणायची, आणि गाठी मारायच्या. कप्तानाने पायजम्याच्या नाडीवर इतका सराव केला की एका रात्री कात्री आणावी लागली. अडलं मात्र भलतीकडेच. परवान्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, त्यात रंग ओळखण्याची तपासणी असते. बोटीच्या डाव्या बाजूला लाल दिवा आणि उजव्या बाजूला हिरवा. रात्री समोरची बोट कुठे तोंड करून आहे हे त्यावरूनच कळतं. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांचं चित्र पुढे ठेवून आकडा विचारला. कप्तान म्हणाला, "यात आकडा आहे?"

परवाना बायकोने काढला. पहिल्या फटक्यात. ती प्रयोगशाळेत काम करते, सूचना नीट वाचायची तिला सवय आहे. तेव्हापासून सुकाणू तिच्या हातात आणि दोर याच्या. जलपाशात, म्हणजे लॉकमध्ये, शिरताना ती वरून ओरडते, "अरे, मागचा दोर आधी!" आणि कप्तान पुढचा टाकतो. मराठी मंडळातल्या बायकांनी तिला कप्तान म्हणायला सुरुवात केली होती, पण तिने नको सांगितलं. त्याच्याकडे तेवढंच उरलंय, म्हणाली.

आता राहायचं. खरा जर्मनी इथे सुरू होतो. या देशात नव्या घरात गेल्यावर दोन आठवड्यांत नोंदणी करावी लागते. पत्त्याशिवाय तुम्हाला कराचं पत्र येत नाही, बँक विचारत नाही आणि परदेशी माणसाच्या व्हिसाच्या कागदांनाही ठावठिकाणा लागतो. बोटीला पत्ता नसतो. तो हवा तर कायमचा धक्का हवा. श्प्रे, हाफेल या नद्या आणि मोठे कालवे केंद्र सरकारच्या मालकीचे. तिथे कायम बांधून ठेवायला जलमार्ग खात्याची परवानगी लागते. खाजगी मरिनावाले हसून जागा देतात आणि तितक्याच हसून करार पुढे करतात: फुरसतीसाठी वापर, वास्तव्यासाठी नाही. थंडी सुरू झाली की धक्क्यावरचे नळ बंद होतात आणि बोटी क्रेनने उचलून जमिनीवर ठेवतात. हॅम्बुर्गने आइलबेक कालव्यावर राहत्या बोटींसाठी दहा जागा दिल्या होत्या. कप्तान त्या दहांविषयी बोलताना आवाज खाली आणतो. पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर वाडा असलेल्यांविषयीही त्याच्या घरात असंच बोलत.

तेव्हा हिशेब असा: भाडं चुकवायला घेतलेली बोट मरिनात भाड्याने बांधलेली असते, हिवाळ्यात गोदीत वेगळ्या भाड्याने उभी असते, आणि कप्तान शहरातल्या त्याच घरात, त्याच भाड्याने राहतो. शुक्रवारी संध्याकाळी तो बोटीवर 'घरी' जातो आणि रविवारी रात्री घरी परत येतो.

क्रॉइत्सबर्गमधून बोटीने जायचं ही त्याची जुनी हौस. पेटर योझेफ लेनेने आखलेला तिथला लांडवेअर कालवा १८५० मध्ये पुरा झाला. काठाला झाडं, पुलांवर पोरंपोरी बसलेली, हात हलवणारी. कप्तानाने नकाशा काढून पश्चिमेकडून आत शिरायचं ठरवलं. बायकोने नियम वाचले: हा कालवा एकेरी आहे, बोटींनी पूर्वेकडूनच यायचं. पेठेतले सगळे वन-वे उलटे तुडवत मोठा झालेला माणूस पाण्यावर वन-वे ऐकून खचला. "कोण बघतंय?" तो म्हणाला. जलपोलीस बघतात. त्यांच्याकडेही बोट आहे, आणि ती वेगात जाते.

पाहुणे आले की पहिला प्रश्न तोच असतो, आणि मराठी माणूस तो हळू आवाजात विचारतो. "ते... जातं कुठे?" टाकीत जातं. टाकी भरली की पंप असलेल्या धक्क्यावर जाऊन रिकामी करायची. हे ऐकल्यावर पाहुणे चहाचा दुसरा कप घेत नाहीत. मीही घेतला नाही. कप्तान मात्र जिन्नस दाखवत सुटतो: हा डिझेलचा हीटर, हा गॅस, दर दोन वर्षांनी तपासून घ्यावा लागतो, ही खिडकी मी बसवली. त्या खिडकीखाली एक पातेलं ठेवलेलं असतं. त्याविषयी तो बोलत नाही.

मागल्या उन्हाळ्यात त्याची आई पुण्याहून आली. माहेर नारायण पेठेत, आणि १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा शाळकरी मुलगी. त्या घरात अजूनही महत्त्वाचे कागद माळ्यावरच ठेवतात. ती बोटीवर पाऊल टाकायला तयार होईना. शेवटी नातीचा हात धरून उतरली, पत्र्यावर बोटाने टकटक करून पाहिलं, पोहे केले, गॅस तिच्या पसंतीचा निघाला. मग तिने कागद मागितले. विक्रीचा करार, पत्र्याचा अहवाल, विमा, गॅसचं प्रमाणपत्र, मरिनाचा करार, नोंदणी क्रमांक, जलमार्ग खात्याशी झालेला पत्रव्यवहार. सगळ्या फाइली तिने एकावर एक रचल्या, हाताने उंची मोजली आणि बोटीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवल्या.

"कोण म्हणतं हे घर नाही?" ती म्हणाली. "आपल्या वाड्याचे एवढे कागद नव्हते."

कप्तान ताबडतोब वही घेऊन आला. "आई, हे जर्मनमध्ये लिहून देतो, खाली सही करशील?"